तडकलेली बरणी

बावीस टपाली ड्रोनांनी कालिंदीबाईंना भुईमुगाच्या रानात अलगद उतरवलं, तेव्हा न उघडलेल्या पॅराशूटच्या दोऱ्या अजून त्यांच्या खांद्याला लोंबत होत्या. साठीला विमानातून उडी मारायची हौस अशी अंगाशी आली होती. कुणी आकाशातून पडू लागलं की ड्रोनांनी ओझं टाकून आधी त्याला झेलायचं, हा नियमच होता. त्यामुळे रानभर पार्सलं विखुरली होती.

बांधावरून एक बाई तरातरा आली. हातात तडकलेली प्लॅस्टिकची बरणी होती.

"आत्ताच अंगणातून लेकीला लोणचं धाडलं. पहिलटकरीण आहे, सारखी मागत होती. तुमच्यापायी मातीत गेलं."

"चुकलंच माझं," म्हणत कालिंदीबाई उठायला गेल्या, तर लोंबत्या दोऱ्यांत पाय अडकला. बाईने चटकन दंड धरला.

"बसा हो. कैऱ्या काय, दरवर्षी लागतात."

मग बरणीच्या तळाशी उरलेली एक फोड काढून तिने कालिंदीबाईंच्या तळहातावर ठेवली. ती पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि तेव्हा कुठे त्यांना खात्री पटली की आपण वाचलो.