जीपपुरती वाट

पहिली कुऱ्हाड दाईनंच घातली, कारण बाकी कुणाचा हात उठेना.

"वहिनी, अहो ते तुमचं झाड आहे," धाकटा दीर कळवळून म्हणाला.

"म्हणून तर बरं. दुसऱ्या कुणाचं असतं तर परवानगी मागत फिरावं लागलं असतं," दाई म्हणाली आणि दुसरा घाव घातला.

टेकडीवरच्या त्या वस्तीत बाळ जन्मलं की त्याची नाळ एका झाडाखाली पुरायची. मग ते झाड त्याचं. चाळीस वर्षं हे काम दाईकडेच होतं. कुठलं झाड कुणाचं, सगळं तोंडपाठ. आता त्याच झाडांमधून, वस्तीच्या एकुलत्या एका झऱ्यावरून, मोठा रस्ता जाणार होता. रस्त्याआधी जागेची पाहणी करायची, काय काय जाणार ते लिहायचं, तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं, असा नियम होता. नियमाला नावं ठेवायला जागाच नव्हती हो! पण आधी दोन पाहणीवाले आले. त्यांनी पायथ्याशी गाडीच्या सावलीत डबे खाल्ले आणि 'वर झुडपं आहेत' एवढं लिहून निघून गेले.

तिसऱ्या आलेल्या मॅडम मनानं सरळ होत्या, पण गुडघ्यांनी त्यांना कधीच दगा दिला होता. चढ बघूनच त्यांचा चेहरा उतरला. "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "पण वर येऊ कशी? जीप जात असती तर गोष्ट वेगळी."

"जीप येईल," दाईनं शब्द दिला.

अकरा दिवस अख्खी वस्ती राबली. म्हातारेकोतारे, गरोदर बायका, कुणी घरी बसलं नाही. वाट इकडून वळव, तिकडून वळव, पण झाडांना धक्का लागू दिला नाही. फक्त सुरुवातीलाच, पायथ्याच्या वळणावर, दाईचं झाड आडवं होतं. तिथं इलाज नव्हता. ते पडलं तेव्हा ती खोडापाशी थोडा वेळ नुसती बसली, मग उठून दगड उचलायला लागली.

मॅडम आल्या. तीन दिवस राहिल्या. झऱ्याचं पाणी प्यायल्या, झाडं मोजली, दाई सांगेल ते नाव वहीत उतरवलं, फोटो काढले. निघताना त्यांचे डोळे भरून आले. दाईच्या जिवाला कित्येक महिन्यांनी स्वस्थता वाटली.

सुनावणी मोठ्या कचेरीत होती. लांब टेबल, भिंतीवर टाचण्या टोचलेला नकाशा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. खुर्च्या कमी पडल्या म्हणून वस्तीतली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. साहेबांनी अहवाल खरंच वाचला होता, पानापानावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ते बघून दाईला हायसं वाटलं.

साहेबांनी एक फोटो पुढे सरकवला. "झऱ्यापाशी जीप उभी आहे. एवढ्या वर गेली कशी?"

दाईची छाती फुगली. "आम्ही वाट केली ना! अकरा दिवसांत. सगळी हातानं."

"वा! आणि जीप नीट गेली?"

"मॅडमच्या पोटातलं पाणी हललं नसेल, साहेब."

सगळे हसले. साहेबही हसले. मग ते टंकलेखकाकडे वळले.

"लिहा. जागेवर वाहन जाईल असा रस्ता आधीपासून आहे. त्यामुळे हे नवं काम नाही, रुंदीकरण आहे. रुंदीकरणाला पाहणी लागत नाही. अहवाल दप्तरी दाखल."

मॅडम गुडघा विसरून ताडकन उठल्या. "अहो, काय लिहिताय? तो त्यांनी माझ्यासाठी केलाय! हे सगळं मला दाखवायला!"

"तुम्ही त्याच रस्त्यानं गेलात ना?" साहेब शांतपणे म्हणाले. "तुमच्याच अहवालात आहे."

टंकलेखकाची बोटं तेवढी चालू होती. दाईला आधी अर्थच लागेना. मग लागला. अकरा दिवस. तिनंच सगळ्यांना घराघरातून बोलावून आणलं होतं. मागे भिंतीपाशी दीर उभा होता, त्याच्याकडे वळून बघायचा तिला धीर होईना.

ती टेबलाला धरून पुढे आली. तळहातांवरचे फोड अजून पुरते वाळले नव्हते.

"साहेब, चुकलं आमचं. मोडून टाकतो ती वाट. खणतो, माती ओढतो, झाडं लावतो. पहिलं झाड मी लावते. अकराच दिवस द्या."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती.

"असलं काही करू नका, बाई. वापरातला रस्ता अडवणं गुन्हा आहे."