काट्यावरचं अंडं

उकडलेलं अंडं रोहिणीताईंनी सवयीनं वजनकाट्यावर ठेवलं आणि त्या स्वतःशीच हसल्या. बावीस वर्षं आपल्या लेकाची, तन्मयची, डाळसुद्धा त्यांनी ग्रॅमवर मोजून वाढली होती. चारचौघांचं शरीर अन्नातलं गंधक हवं तेवढं वापरतं आणि उरलेलं लघवीवाटे टाकून देतं. तन्मयच्या शरीराला जन्मापासून तेवढंच जमत नव्हतं. गंधक रक्तात साचून त्याला विषासारखं बाधायचं.

गेल्या महिन्यात त्याच्या बरगडीखाली एक कुपी बसवली. तिच्यात मुमताजनं दिलेल्या, तिच्या यकृतातल्या पेशी होत्या आणि ते काम आता त्या करत होत्या. टपाल वाटणारी ती मुमताज आज जेवायला आली होती.

"मी काय केलं, ताई? खाल्लेलं पचवते, एवढंच," ती संकोचून म्हणाली.

"तेच तर गं, बाई!"

रोहिणीताईंनी काटा उचलून फडताळात टाकला. तन्मयनं अंडं संपवलं होतं.

"अजून एक घे," त्या म्हणाल्या. त्यानं घेतलं. "आता माझ्यासाठी एक." पोटच्या पोराला असा आग्रह त्यांनी जन्मात केला नव्हता.

"पुरे, आई. पोट भरलं."

बावीस वर्षं तो ताटावरून अर्धपोटीच उठला होता. रोहिणीताईंनी मुमताजचा हात घट्ट धरला.