बापाची मान

मुखवटा खोलीच्या त्या टोकाला हळूहळू फिरत होता आणि पल्लवी मुखवट्याकडे बघायचं सोडून बापाच्या मानेकडे बघत होती.

जळबाची मान जराशी खाली झुकली. पल्लवीने लगेच उत्तर दिलं, "वर आलेलं हाय. नाक बी वर हाय."

डॉक्टर प्रियदर्शनींनी यंत्र थांबवलं. मनाच्या आजारात माणसाची नजर कशी चालते, याचा अभ्यास त्या हिंगोलीतल्या या भाड्याच्या खोलीत करत होत्या. आजारी माणसाबरोबर घरातलं एक निरोगी माणूसही तपासायचं, म्हणजे तुलना करता येते. सकाळी दोघांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो झाले होते. आता मुखवटा तेवढा उरला होता. चेहरा वर आलेला दिसतो की आत गेलेला, एवढंच सांगायचं. इतक्या सोप्या प्रश्नाला पोरगी बापाकडे का बघते, हे त्यांना कळेना. त्यांनी सरळ विचारून टाकलं.

जळबाने लपवालपवी केली नाही. पल्लवीला नसलेली माणसं दिसू लागली तेव्हा त्यांच्या साखरा गावात ज्याने त्याने आपापली अक्कल पाजळली होती. कोणी म्हणालं बांधून ठेवा, कोणी म्हणालं अंगारा लावा. जळबाने दवाखाना गाठला, गोळ्या सुरू केल्या आणि गोळ्यांच्या जोडीला घरच्या घरी एक खूण बसवली. दारात, बांधावर, विहिरीपाशी कोणी दिसलं की पल्लवीने बापाकडे बघायचं. खरंच कोणी असेल तर त्याची मान खाली झुकायची, नसेल तर डावी-उजवीकडे हलायची. ओरडा नाही, खोटं पाडणं नाही, चारचौघांत पोरीचं हसू होऊ देणं नाही. डोळ्यांत तेल घालून तो हे करत आला होता. एवढी माया आणि एवढं शहाणपण एका माणसात क्वचितच सापडतं.

"पन आता माजं वय झालं," जळबा म्हणाला. "मी गेल्यावर हिच्यासाठी मान कोन हलवील? म्हनून आनलं, म्याडम."

 डॉक्टर म्हणाल्या, खूण फार चांगली आहे, ती मोडू नका. पण इथे मला तुमची नजर नको, हिची हवी. त्यांनी जळबाची खुर्ची पल्लवीच्या पाठीमागे ठेवली. पल्लवी मागे वळून बघू लागली. शेवटी त्याला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगावं लागलं. जळबा दारात रेंगाळला.

"घाबरू नको माय. मी इथंच हाय," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

मुखवटा पुन्हा फिरू लागला. पल्लवीची नजर दाराकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. ओढणीचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं. तिला रडू फुटेल असं वाटत होतं. डॉक्टरांनी घाई केली नाही, की एक शब्दही सुचवला नाही.

बऱ्याच वेळाने पल्लवी म्हणाली, "वर आलेलं हाय." मुखवटा फिरत गेला. ती खुर्चीत पुढे सरकली. "आता आत गेलेलं हाय. घमेल्यावानी. नाक बी आत." आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "चुकलं का, म्याडम?"

तुला दिसलं तेच सांगायचं, त्यात चूक कसली, असं डॉक्टर म्हणाल्या आणि मुखवटा फिरवत राहिल्या. पल्लवी सांगत राहिली. हळूहळू तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत पोचू लागला. दाराकडे बघायचं ती विसरूनच गेली.

मग जळबाची पाळी आली. पल्लवी त्याच्या शेजारी गप्प बसली. त्याने पुढची बाजू बघितली, वर आलेली. उलटी बाजू बघितली, तीही वर आलेली. त्याला काडीची शंका नव्हती. "नाक तर सरळ आपल्याकडं येऊन राहिलं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला उठून हात लावून बघायला सांगितलं. जळबा जवळ गेला, हात पुढे केला आणि हात आत गेला. कपाळ, डोळे, नाक, सगळं खोल होतं. ती मुखवट्याची पोकळ बाजू होती.

चेहरा वरच आलेला असतो, हे आपल्या मेंदूत इतकं पक्कं बसलेलं असतं, डॉक्टर सांगू लागल्या, की डोळा काय सांगतो ते तो ऐकूनच घेत नाही. या आजारात बऱ्याच जणांची ही सवय सैल पडते, म्हणून इथे त्यांना खरं दिसतं. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, आणि बांधावरच्या माणसांसाठी तुमची मान अजून लागणारच आहे.

"व्हय," जळबा म्हणाला. पण तो डॉक्टरांकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

तो परत खुर्चीत बसला. मुखवटा फिरला. आता हात लावून आला होता तरी ते नाक त्याच्याकडे येतच होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं. जळबाने उत्तर देण्याआधी शेजारी पल्लवीकडे पाहिलं.

पल्लवीने मान डावी-उजवीकडे हलवली. अगदी हळू, चारचौघांत कोणाला दिसणार नाही इतकीच.