दुसरा ब्रेक

"हे काय आहे?" गाड्या तपासणाऱ्याने डाव्या सीटपुढे डोकं घालून विचारलं.

"ब्रेक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"ब्रेक उजवीकडे असतो."

"तो माझा. हा ह्यांचा."

तपासणारा बाहेर आला आणि त्याने गाडी पुन्हा एकदा नीट पाहिली. ड्रायव्हिंग स्कूलची टपावरची पाटी काढलेली होती, पण तिच्याखालचा रंग बाकीच्या टपापेक्षा नवा दिसत होता. मागच्या काचेवर लाल एल तसाच होता. ज्याला हौस असेल त्याने आपली रोजची गाडी आणावी आणि शर्यतीच्या ट्रॅकवर पळवून बघावी, असा तो दिवस. स्कूल चालवणाऱ्या मास्तरांना हौस नव्हती. त्यांना स्कूलच्या जाहिरातीसाठी फोटो हवा होता, आणि बायका बाईला बघून शिकायला येतात म्हणून त्यांनी चालक म्हणून बायकोचं नाव दिलं होतं.

"दोघांनी ब्रेक मारलेला इथे चालत नाही," तपासणारा म्हणाला. त्याने आत हात घालून दोन्ही ब्रेकना जोडणारी दांडी सोडवली आणि तिची खीळ बाईंच्या हातावर ठेवली. "स्प्रिंग आहे, त्यामुळे पेडल खाली-वर होईल. पण ब्रेक लागणार नाही. साहेबांना सांगून ठेवा."

साहेब तेव्हा हेल्मेटच्या टेबलाशी होते. त्यांच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट मिळत नव्हतं. शेवटी मिळालं त्यात त्यांचे गाल पुढे आले आणि मिशी वर सरकली. तसेच ते आले, सीटवर बसले, पट्टा आवळला आणि सवयीने पाय पेडलवर ठेवला.

"अहो, एक सांगायचं होतं..."

"काही सांगू नकोस. घाबरायचं नाही. तू फक्त स्टिअरिंग धर. बाकी मी आहे."

परवाना हातात पडल्यापासून ती हेच ऐकत आली होती. बाजारात, मुलीच्या कॉलेजला, बहिणीच्या घरी, जिथे जिथे तिने गाडी नेली तिथे डावीकडे मास्तर होते. तिने ब्रेक दाबायच्या आधीच तो तिच्या पायाखालून आपोआप खाली जायचा. आपल्याला गाडी येते की नाही, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. विचारायचं तर कोणाला, मास्तरांनाच?

तिने खीळ खिशात टाकली आणि खिशाची चेन लावली.

पहिलं वळण आलं तेव्हा ती पेडल खाली जायची वाट बघत राहिली. ते गेलं नाही. वळण मात्र येत राहिलं. ट्रॅकच्या कडेचे लाल-पांढरे पट्टे चाकाखाली खडखडले, तेव्हा कुठे तिने स्वतःच पेडल दाबलं. गाडीने नाक खाली घातलं, जरा कुरकुरली आणि वळली.

"बघितलंस?" मास्तर हेल्मेटमधून ओरडले. "थोडक्यात वाचवली!"

दुसऱ्या वळणाला तिने वाट बघितली नाही. तिसऱ्याला तिला कळलं की आधी ब्रेक मारून मग वळलं की गाडी रुसत नाही. हे मास्तर रोज सकाळी शिकवत, पण शिकवता शिकवता स्वतःच करून टाकत. डावीकडे त्यांचा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा चालला होता.

मग सरळ पट्टा आला. लांब, रुंद, समोर कोणी नाही. रिक्षा नाही, कुत्रं नाही, मध्येच फोनवर बोलत उतरणारा माणूस नाही. तिने अॅक्सिलरेटर पार तळाला नेला. शिकाऊ पोरांचे धक्के खाऊन दमलेलं ते इंजिन आधी खोकलं आणि मग असं काही गायला लागलं की तिला हसूच फुटलं.

"अगं! अगं! अगं!" मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि दोन्ही पाय पेडलवर रोवले.

टोकाच्या झेंडेवाल्याजवळ तिने ब्रेक मारला. ना लवकर, ना उशिरा. गाडी शहाण्यासारखी आवरली. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"आज जरा हलका लागतोय," ते धापा टाकत म्हणाले. "पण लागतोय."

"हो," ती म्हणाली. "मस्त लागतोय."

फेऱ्या संपल्या. मास्तरांना गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली, कारण त्यांच्या पोटरीत गोळा आला होता. शेजारच्या लाल, बुटक्या गाडीचा मालक हेल्मेट काढत जवळ आला.

"काकू, ती गाडी? ती? आणि शेवटच्या वळणाला तुम्ही मला बाहेरच्या बाजूने मागे टाकलंत?"

"ब्रेकिंग सगळं माझं होतं," मास्तरांनी लंगडत लंगडत मध्येच सांगितलं. "तिने स्टिअरिंग चांगलं धरलं, नाही असं नाही."

चहाच्या टेबलाभोवती माणसं जमली. मास्तर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने हवेत दाबून दाखवू लागले: इथे अर्धा, इथे पाऊण, आणि सरळ पट्ट्याच्या टोकाला पूर्ण.

तपासणारा पाना घेऊन आला. त्याने मास्तरांकडे बघितलं, मग बाईंकडे.

"सांगितलं नाहीत?"

"सांगणार होते."

"खीळ द्या. दांडी जोडून देतो."

मास्तरीणबाईंचा हात खिशाकडे गेला आणि चेनवरच थांबला.

"उद्या शिकाऊ पोरं बसतील, तेव्हा लागेल," त्या म्हणाल्या. "घरी पोचले की लगेच जोडून घेते. परत जाताना मीच चालवणार आहे."