अकरावी नळी

दहावा शेंडाही चिरडला, तेव्हा भाचीने पातं खाली ठेवलं आणि प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे उभ्या असलेल्या आत्याला म्हणाली, "तू आत ये. मला जमत नाहीये."

आत्या जागची हलली नाही. दोन्ही हात तिने काखेत घट्ट दाबून धरले होते.

"मी नाही यायची. या हातांनी केलं तेवढं पुरे नाही झालं का?"

हरितगृहातली अकराही झाडं सकाळीच उपटून जाळली होती. रोग सापडला की त्याच दिवशी सगळं जाळायचं, हा रोपवाटिकेचा नियम; त्यात कुणाचं तोंड बघत नाहीत. तो बिनबियांचा टोमॅटो भाचीच्या बाबांनी अठरा वर्षं खपून तयार केला होता. बी नाही म्हणजे पेरायला काही नाही. फांदी कापायची, दुसऱ्या खोडावर कलम बांधायचं, एवढाच त्याचा वंश. बाबा गेले आणि आत्याने भावाची झाडं पोटच्या पोरांसारखी सांभाळली. पानांच्या बगलेत येणारे कोंब, बगलफुटी, रोज खुडायची तिची शिस्त इतकी कडक, की एका झाडाला दुसरा शेंडा म्हणून नाही. अकरा झाडं, अकरा शेंडे. जाळण्याआधी कापून घेतलेल्या त्या शेंड्यांपैकी आता ओल्या कागदात एकच उरला होता.

शेंड्याच्या अगदी टोकाला पेशी इतक्या भराभर वाढतात की रोगाचा विषाणू मागे पडतो. मोहरीहून बारीक असं ते टोक अलगद उचलून नळीतल्या जेलीवर ठेवलं, तर शंभरात एखादं रोप निरोगी निघतं. जरा मोठं कापलं की रोग सोबत येतो, बारीक कापायला जावं तर चिरडतं. भाचीने सकाळपासून दोन्ही करून पाहिलं होतं. फेकवेना, म्हणून ते दहाही तिने नळ्यांत घालून ठेवले होते.

"अख्ख्या रोपवाटिकेत तुझ्यासारखं कलम कुणी बांधत नाही, आत्या."

"म्हणूनच शेजारच्या रोपवाटिकेने बोलावलं ना मला. आणि मी बाई मिरवत गेले."

गेली होती, एकच दिवस. चाळीस कलमं बांधून आली. तिथल्या झाडांना रोग होता हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. रोपवाटिकेत दर झाडानंतर दुधाच्या वाडग्यात हात बुडवायची पद्धत आहे. दूध विषाणूला जखडून टाकतं. आत्याने एकदाही ती चुकवली नव्हती. पण पानांवर दुधाचे थेंब पडलेले तिला खपत नसत, म्हणून हात बुडवले की ती ते एप्रनला पुसायची. शेजारी घालून गेलेल्या त्याच एप्रनला. हे भाचीनेच सकाळी शोधून काढलं होतं आणि शोधल्या क्षणी मोठ्याने बोलून गेली होती. तेव्हापासून तिला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटत होती.

"पण तो विषाणू झाडात शिरलाच कसा?" आत्याने पुन्हा विचारलं. सकाळपासून कितव्यांदा तरी.

"त्याला शिरता येत नाही गं. ना पाय, ना तोंड. पानावरची लव मोडली तरी पुरते, तेवढ्या जखमेतून तो आत पडतो."

"आणि मग?"

"मग काही नाही. त्याच्याजवळ एक चिठ्ठी असते. पेशी ती आपल्याच घरची समजून वाचते आणि तो सांगेल ते बनवत बसते. आपलं काम सोडून. शेजारच्या पेशीत जायला बारीक फट असते, ती तो रुंद करून घेतो. पलीकडे तीच चिठ्ठी."

"म्हणजे राबतं झाडच."

"झाडच."

"बिचारं," आत्या म्हणाली. "पाहुणा समजून सरबराई केली. आणि दार मी उघडून दिलं."

नाही म्हणावं असं भाचीला फार वाटलं. पण खोटं कसं बोलायचं ते सुचेना. तिने शेवटचा शेंडा घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

एकेक कोवळं पान तिने बाजूला सारलं. आत टोक दिसलं, गोल, ओलसर, चकचकीत. तिने श्वास रोखला आणि कापलं. मोठं नाही, चिरडलंही नाही. पात्याच्या अणीवर ते अलगद उचललं गेलं. जमलं! आनंदाने तिचा रोखलेला श्वास सुटला आणि टोक पात्यावर नव्हतं.

तिने बशी पाहिली, हातमोजे पाहिले, टेबलाची कड पाहिली. एवढासा कण, सापडला असता तरी एव्हाना सुकला असता.

"झालं?" आत्याने विचारलं.

भाचीने मान वर केली. आत्याचे हात काखेतून निघाले होते. दोन्ही तळवे काचेवर टेकवून ती आत बघत होती.

"झालं," भाची म्हणाली. तिने रिकामं पातं नळीत घातलं, जेलीला टेकवलं, झाकण लावलं आणि वर आकडा लिहिला, अकरा.

आत्याने डोळे बारीक केले. "मला तर कुठल्याच नळीत काही दिसत नाही."

"इतक्यात दिसायचं नाही. तीन आठवडे तरी."

आत्या काचेवरून बोट सरकवत एकेक नळी मोजत गेली आणि शेवटच्या नळीपाशी थांबली. "ही नीट आली, हो ना? कापलंस तेव्हा तुझा चेहराच असा फुलला, मी पाहिला ना." ती काचेच्या आणखी जवळ सरकली. "तुझ्या हाताला यश आहे, पोरी. अगदी दादासारखं."

भाचीने अकरावी नळी बाकीच्या दहांच्या रांगेत दिव्याखाली उभी केली आणि तिचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.