काउंटरवरची नवी

“तुमची नंबर वाढली,” नवी म्हणाली, आणि समोरचे आजोबा खुदकन हसले.

“वाढली नाही गं, वाढला. पण राहू दे. तुझ्या तोंडी गोड वाटतं.”

आतल्या खोलीत काच घासायच्या मशीनवर बसलेल्या भिंगवालीनं दात आवळले. गोड म्हणे! तिनं असली चूक केली असती तर?

चष्म्याच्या त्या दुकानात माणसं तीनच. मालक, नवी आणि ही. अकरा वर्षं काचा घासून घासून हिचं नाव भिंगवाली पडलं होतं. समोरच्या नदीवरच्या पुलाचे दगड हिच्या पणजोबांनी घडवले होते. आणि ती नवी? अकरा आठवड्यांपूर्वी आली होती, तेही अशा देशातून, की मालकांना तो नकाशात शोधावा लागला. संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जायची आणि तिथली अर्धीकच्ची वाक्यं सकाळी गिऱ्हाइकांवर उधळायची. दुसऱ्याच आठवड्यात मालकांनी तिला काउंटरवर बसवलं.

काउंटर भिंगवालीनं तीनदा मागितला होता.

“तुझ्यासारखा हात दुसरा नाही,” मालक दर वेळी म्हणायचे. “आत तूच हवीस.”

“आणि तिला धड बोलता येत नाही, ते?”

“येईल. गिऱ्हाइकांना तिच्याशी बोलायला बरं वाटतं.” एवढं बोलून ते नजर वळवायचे.

तयार चष्मा द्यायला भिंगवाली कधी बाहेर आलीच, तर लोक तिच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे. मशीनच्या घरघरीत काम करणाऱ्या माणसाशी बोलतातच तसं. नवीशी मात्र हवापाण्याच्या गप्पा. कोणी तिला शब्द सुचवायचं, कोणी जेवायला बोलवायचं. ते हसणं दाराच्या फटीतून आत यायचं आणि भिंगवाली मशीन आणखी जोरात चालवायची. त्यात नवीचा स्वभाव वाईट असता तरी बरं झालं असतं. ती सारखी “ताई, ताई” करत मागे असायची.

शनिवारी मालकांनी सांगून टाकलं, “सोमवारपासून नवीला काउंटरवर कायम करतोय.”

भिंगवालीनं मशीन चालू केलं. त्या दिवशी तिच्या हातून एक काच तडकली. अकरा वर्षांतली पहिली.

त्याच दुपारी बाई आल्या. गावातल्या शाळेत तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेल्या बाई. भलेभले त्यांच्यासमोर तोलून मापून बोलायचे. डोळे तपासून झाले, आणि नवी लगबगीनं आत आली.

“ताई, वय झालं म्हणून जवळचं दिसत नाही, हे बाईंना चांगल्या शब्दांत कसं सांगू? त्या मोठ्या आहेत ना.”

भिंगवालीनं मशीन बंद केलं. नवी पेन्सिल घेऊन उभीच होती.

“सोपं आहे,” भिंगवाली म्हणाली. “म्हणायचं, बाई, तुम्हाला म्हातारचळ लागलाय.”

नवीनं ते हातावर लिहून घेतलं. दोनदा पुटपुटली. “थँक्यू ताई,” म्हणत बाहेर गेली.

भिंगवाली दाराकडे बघत राहिली. बोलवावं का मागे? अजून वेळ होता. पण ती जागची हलली नाही.

मग नवीचा स्वच्छ, आदबशीर आवाज आला. एकही चूक नाही, उच्चारसुद्धा अचूक.

मालक “अहो बाई... अहो...” एवढंच म्हणत राहिले.

“हे तुला कोणी शिकवलं?” बाईंनी विचारलं.

“ताईनं! आत आहे. तिला सगळं येतं,” नवी अभिमानानं म्हणाली.

भिंगवाली हात पुसत बाहेर आली. आता बोलणी बसणार, नोकरीही जाणार, हे तिनं गृहीतच धरलं होतं. केलंय ते भोगायचं.

बाईंनी तिचा रंग, तिचे केस, तिला आपादमस्तक न्याहाळलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग चक्क विरघळला.

“तरीच,” त्या म्हणाल्या. मग नवीच्या पाठीवर हात ठेवून, “तुझी काही चूक नाही गं. फक्त एक कर, भाषा इथल्या माणसाकडून शीक.”

नवी गोंधळून एकदा बाईंकडे, एकदा ताईकडे बघत राहिली.

बाई भिंगवालीकडे वळल्या. प्रेमळपणे हसल्या. मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, “तुम्ही... कुठल्या... देशातून... आलात?”

“तुमच्याच वर्गातून, बाई.”