चकाकी

"हो, हो. कळलं," ती फोनवर म्हणाली. "नाही, मी स्वतः बघते. या तुम्ही रविवारी."

नवऱ्याच्या कडेवर छकुली मोठ्याने रडत होती. दोन्ही हात फोनकडे लांब करून ती तो मागत होती. म्हणूनच त्याने फोन बायकोच्या हातात दिला होता.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"रविवारी येतात. स्वच्छतेबद्दल सांगत होते."

"बरोबरच आहे. इतक्या लांबून माणूस येणार, त्याला काय धूळ दाखवायची?"

येणारे गृहस्थ जुनी वाद्यं जमवत. त्यांना तिच्या मामाचा ड्रमसेट बघायचा होता. त्यातही मुख्यतः त्याच्या तीन पितळी तबकड्या. त्या अस्सल निघाल्या तर सगळा सेटच घेऊन जाणार होते.

मामा तरुणपणी एका बँडमध्ये वाजवायचा. जाताना सेट भाचीला देऊन गेला. तिला तेव्हा काठी कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं. मग तिने क्लास लावला. ढोलाचं कातडं ताणताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने फिरवायचे, पायाच्या पेडलला थेंबभरच तेल घालायचं, उन्हात काही ठेवायचं नाही, हे सगळं ती शिकली. ताल मात्र अजून रोज कुठेतरी घसरायचा.

नवऱ्याची तक्रार तालाबद्दल नव्हती. खोल्या दोन, त्यातली एक ड्रमने अडवलेली, आणि छकुली आज ना उद्या रांगायला लागणार. योग्य माणूस मिळाला तर देऊन टाकू, असं दोघांचं ठरलं होतं. म्हणजे त्याने म्हटलं होतं आणि ती नाही म्हणाली नव्हती.

नाही म्हणायला कारण काय देणार? दिवसभर तिच्या डोक्यात काळजीची टकळी चालू असायची. छकुली फार झोपली का, कमी प्यायली का, खिडकीची कडी लागली का. संध्याकाळी नवरा छकुलीला फिरवायला न्यायचा आणि ती ड्रमवर बसायची. तेवढा वेळ टकळी गप्प असायची. आता एवढ्यावरून कोणी खोली अडवून ठेवतं का?

शनिवारी ती छकुलीला घेऊन क्लासला गेली. परत आली तेव्हा छकुली कडेवर होती आणि रिकामी असायला हवी ती बाबागाडी जिन्यात कुरकुरत होती.

"बसेचना गाडीत," दार उघडणाऱ्या नवऱ्याला ती धापा टाकत म्हणाली.

"मग गाडीत काय आहे?"

"सामान. सरांनी दिलंय. तू आधी हिला घे, माझा हात गेला कामातून."

त्याने छकुलीला घेतलं आणि तिला आंघोळ घालायला गेला. थोड्या वेळाने न्हाणीघरातून हाक आली. "अगं, दुपटी कुठे गेली सगळी? एक सापडेल तर शपथ."

"धुवायला आहेत. टॉवेलात गुंडाळ."

ती ड्रमच्या खोलीत गेली, दार लावलं आणि लिंबू, पितळ घासायची पावडर नि जुना टूथब्रश घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत घासत होती. नवऱ्याने डोकावून पाहिलं तेव्हा तबकड्यांत दिव्याचा गोळा दिसत होता.

"आईशप्पथ," तो म्हणाला. "यात दाढी करता येईल."

"आवडेल ना त्यांना?"

"न आवडायला काय झालं?"

रविवारी ते गृहस्थ आले. खोलीच्या दारातच थबकले. मग खिशातून भिंग काढून तबकडीवर वाकले, दुसरीवर वाकले, तिसरीजवळ मात्र गेलेच नाहीत.

"वहिनी, हे काय केलंत?"

"घासल्या," ती म्हणाली.

"कारखान्याचा शिक्का कुठाय?"

"असेल… घासताना गेला असेल."

ते स्टुलावर बसले. फोनवर आपण स्पष्ट सांगितलं होतं, की हात लावू नका, कोरडं फडकंसुद्धा नको, तो काळपट थर म्हणजेच तबकडीचं वय, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"छकुली रडत होती ना तेव्हा," ती पुटपुटली.

"ती नवीन आहे हो यातली," नवरा मध्ये पडला. "माझंही चुकलं, मीच घाई केली. ड्रम तरी न्या."

"ड्रम खूप आहेत माझ्याकडे. मी या तबकड्यांसाठी आलो होतो." त्यांनी भिंग खिशात टाकलं. "आता तुम्हीच ठेवा. आणि वहिनी, वाजवा तरी नीट."

नवऱ्याने छकुलीला कडेवर घेतलं. त्यांना सोडायला खाली जाता जाता तो बायकोपाशी थांबला. "जाऊ दे गं, तोंड पाडून बसू नकोस. राहू दे सेट इथेच. छकुली काय, बाहेरच्या खोलीत रांगेल."

तिने मान हलवली. जिन्यातली पावलं खालपर्यंत गेल्यावर तिने तिन्ही चकचकीत तबकड्या स्टँडवरून उतरवल्या आणि बाबागाडीत ठेवल्या. पुढच्या शनिवारी क्लासला परत द्यायच्या होत्या. मग लंगोटांचं कपाट उघडलं. नवऱ्याने आजवर ते कधीच उघडलं नव्हतं. तळाशी नीट गुंडाळून ठेवलेली दुपटी तिने एकेक करून सोडवली आणि मामाच्या काळ्याकुट्ट तबकडीवरच्या शिक्क्यावरून हलकेच बोट फिरवलं.